वकिलातीच्या रांगेआधी: खानदेशातली कागदपत्रं आणि अमेरिकेचा व्हिसा

तापीकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या घरांतली मुलं-मुली अमेरिकेत आहेत आणि आई-वडिलांना बोलवायचं चाललंय, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. मुख्य विषय बी१/बी२ म्हणजे भेटीचा व्हिसा. ग्रीन कार्डच्या कागदांचं कुणी विचारलं तर तेही इथेच घेऊ.

अमेरिकेची मुंबईतली वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथल्या खिडकीवरचं बोलणं काही मिनिटांत संपतं. वेळ जातो तो आपल्या तालुक्याच्या गावी, कागद दुरुस्त करण्यात. आणि गोंधळ असतो तो बहुतेक वेळा तीनच ठिकाणी: नाव, जन्मतारीख, जन्मगाव. म्हणून फॉर्म उघडायच्या आधी पासपोर्ट, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला आणि अमेरिकेतल्या मुलाचा जन्मदाखला हे पाच कागद शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक सापडला तर तो कुठे टिपून ठेवा, घाईने काही बदलू नका. कोणता फरक चालतो आणि कोणता चालत नाही, हे आधी ठरवायचं असतं.

भेटीच्या व्हिसाला पासपोर्ट हाच आधार. फॉर्ममधलं नाव, तारीख, पासपोर्ट क्रमांक जसंच्या तसं पासपोर्टवरून. आधारवर 'सुमनबाई' आणि पासपोर्टवर नुसतं 'सुमन' असेल तर भेटीच्या व्हिसाला काही बिघडत नाही. ग्रीन कार्डला मात्र बिघडतं. त्याचं पुढे बोलू.

मेहरूण

दादा, चांगला विषय घेतला. दोन शंका. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव 'सोनवणे' आहे, पासपोर्टवर 'पाटील'. आणि आईचं पहिलं नाव लग्नात बदललंय. फॉर्ममध्ये हे कुठे लिहायचं?

बोरीकाठ

आपल्याकडे हे घरोघरी आहे ताई. पाटीलकी असलेल्या घरांत शाळेत कुळाचं आडनाव आणि पुढे सगळीकडे 'पाटील'. शिरपूर-शिंदखेड्याकडे एकाच घरात 'गिरासे' आणि 'राजपूत'. चौधरींच्या इंग्रजी स्पेलिंगच्या तर तीन-चार तऱ्हा.

भेटीच्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज म्हणजे डीएस-१६०. त्या फॉर्ममध्ये नावाच्या रकान्यांच्या खाली एक प्रश्न येतो: तुम्ही कधी दुसरं नाव वापरलं आहे का? तिथे 'हो' करायचं आणि जुनं आडनाव, माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, सगळं वेगवेगळ्या ओळींत भरायचं. हा प्रश्न त्यासाठीच आहे. बरेच एजंट तिथे सरळ 'नाही' करून पुढे जातात, कारण मग टायपिंग वाचतं. पुढे कधी ग्रीन कार्डची फाइल निघाली की तीच जुनी नोंद समोर येते आणि मग खुलासे करत बसावं लागतं.

पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. 'रमेश भिकन' असं असेल तर फॉर्ममध्येही तसंच, दोन्ही. मधलं नाव गाळू नका. विमानाचं तिकीटही त्याच नावाने.

शहादेकर

नंदुरबार जिल्ह्यातला एक प्रश्न नेहमी येतो तो इथे लिहितो. अक्कलकुवा, धडगावकडच्या काही आदिवासी बांधवांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, सगळं नाव एकाच रकान्यात. अशा वेळी फॉर्ममध्ये ते नाव आडनावाच्या जागी टाकायचं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरं, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. व्हिसावर तसंच छापून येतं आणि ते ग्राह्य असतं. फक्त पुढे तिकीट काढताना, तिथलं लायसन्स काढताना दरवेळी समजावून सांगावं लागतं. वेळ हातात असेल तर आधी पासपोर्टच नव्याने काढून आडनाव वेगळं करून घेणं सोपं.

दुसरं जन्मगावाचं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या प्रत्येक दाखल्यावर 'जि. धुळे' आहे, पासपोर्टवर 'नंदुरबार'. हा फरक चूक नाही, दोन्ही कागद आपापल्या काळी बरोबर आहेत. फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणे लिहा.

तापीकाठ

याला जोडून. ऐंशीच्या पुढच्या मंडळींच्या दाखल्यावर 'पू. खा.' किंवा 'प. खा.' लिहिलेलं असतं. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९६० मध्ये पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा आणि पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला. इंग्रजी भाषांतर करून घेताना भाषांतरकार 'पू. खा.' गाळून टाकतात किंवा ते गावाचं नाव समजतात. 'पूर्व खानदेश, सध्याचा जळगाव जिल्हा' असं पूर्ण लिहून घ्या.

तालुकेही बदललेत. धरणगाव आधी एरंडोल तालुक्यात होतं. शिवाय पिंप्री, पिंपळगाव, वडगाव या नावाची गावं दर तालुक्यात सापडतात. म्हणून भाषांतरात गाव, तेव्हाचा तालुका, आताचा तालुका, जिल्हा असं चारही लिहिलेलं बरं.

भुसावळ जंक्शन

फॉर्म भरण्याबद्दल मी लिहितो, थोडं सविस्तर.

सुरुवातीला ठिकाण विचारतं तिथे 'इंडिया, मुंबई' निवडा. लगेच एक अर्ज-क्रमांक येतो, तो आणि सुरक्षा-प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा. साधारण वीस मिनिटं हात लावला नाही तर साइट बाहेर काढते आणि सेव्ह न केलेलं पान जातं. दर पानाला सेव्ह करा. अर्धवट अर्ज तीस दिवस राहतो.

आई-वडिलांच्या बाबतीत अडणारी पानं ही: मागच्या पाच वर्षांतले फोन नंबर, ई-मेल आणि सोशल मीडियावरची खाती. गावाकडे फोन एकाच्या नावावर, खातं नातवाने उघडलेलं, असं असतं. जे खातं त्या माणसाच्या नावाने चालतं ते लिहा. मग नोकरी-व्यवसाय: शेती असेल तर शेतीच लिहा, पत्ता गावचा, आणि कामाच्या वर्णनात पीक लिहा: केळी, कापूस, मका. 'बिझनेस' असं मोघम लिहू नका, खिडकीवर पहिला प्रश्न त्यावरच येतो. नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी आधीची नोकरी, खात्याचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यावी. रेल्वे, जिल्हा परिषद, ऑर्डनन्स फॅक्टरी, जिथे असाल तिथलं सेवापुस्तक समोर ठेवा म्हणजे तारखा जुळतात.

शेवटी विचारतात, फॉर्म भरायला कुणी मदत केली का? मुलाने किंवा एजंटने भरला असेल तर 'हो' आणि त्याचं नाव. मात्र शेवटचं सही-आणि-सादर हे बटण अर्जदाराने स्वतः दाबायचं. त्याआधी संपूर्ण फॉर्म मराठीत वाचून दाखवा. आईच्या नावाने काय लिहिलंय हे आईला ठाऊक नसेल तर खिडकीवर तिचं उत्तर आणि कागद वेगवेगळे निघणार.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पाठ, सहा महिन्यांच्या आतला, चष्मा काढून. डोक्यावर पदर असला तरी चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पूर्ण दिसला पाहिजे.

गिरणाथडी

फी आणि तारखेचं सांगा ना भाऊ. एकाच घरातल्या दोघांची तारीख एकत्र मिळते का?

भुसावळ जंक्शन

मिळते. वेळ घेण्याच्या साइटवर एक खातं उघडून त्यात दोघांना एका गटात जोडायचं. प्रत्येकाचा डीएस-१६० वेगळा, फीही वेगळी. भेटीच्या व्हिसाची फी १८५ डॉलर, रुपयांत त्या दिवशीच्या वकिलातीच्या दराने. भरल्या दिवसापासून ३६५ दिवस ती चालते, त्यात तारीख घेतली पाहिजे. परत मिळत नाही.

वेळा दोन घ्याव्या लागतात. एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी व्हिसा अर्ज केंद्रात, दुसरी मुलाखतीची वकिलातीत. १ जानेवारी २०२५ पासून तारीख फीशिवाय एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची तर नवी फी. म्हणून लग्नसराई, कापसाचा हंगाम, कुणाचं ऑपरेशन, सगळं बघून मगच पहिली तारीख पक्की करा. साइट सारखी रिफ्रेश केली की खातं काही काळ बंद पडतं, तेही लक्षात ठेवा.

आणि हे ठळक अक्षरात समजा: तारीख ज्या डीएस-१६० क्रमांकावर घेतली तोच क्रमांक मुलाखतीच्या कागदावर असला पाहिजे. चूक सापडली म्हणून नवा फॉर्म भरला तर साइटवर नवा क्रमांक आधीच टाकून घ्यायचा. मुलाखतीच्या दिवशी दारात हे दुरुस्त होत नाही, परत पाठवतात.

मुलाखतीतून सूट आता फार थोड्यांना आहे. २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांची सरसकट सूट गेली. पूर्ण मुदतीचा जुना बी१/बी२ संपून १२ महिने झाले नसतील आणि तो मिळाला तेव्हा वय १८ च्या पुढे असेल, तरच नूतनीकरण मुलाखतीशिवाय होऊ शकतं. तेव्हा ८२ वर्षांच्या आजोबांना घेऊन जायची तयारी ठेवा.

कानबाईचा रोट

माझ्या काकांचा मुद्दा वेगळा आहे. तिकडच्या आत्याने त्यांच्यासाठी भावाच्या नात्याने ग्रीन कार्डचा अर्ज पूर्वीच केलेला आहे. एजंट म्हणतो, भेटीच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये ते लिहू नका, लिहिलं की नाकारतात. खरं का?

तापीकाठ

एजंटचं ऐकू नका. फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे: तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का? उत्तर 'हो' आणि पुढच्या रकान्यात कुणी, कोणत्या वर्षी, भावाच्या गटात. तो अर्ज त्यांच्या संगणकात काकांच्या नाव-जन्मतारखेसह आधीपासून आहे. 'नाही' लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि खोट्या माहितीचा शिक्का एकदा बसला की तो कायमचा असतो. भेटीचा व्हिसाही जातो आणि इतकी वर्षं रांगेत थांबलेलं ग्रीन कार्डही अडकतं. ग्रीन कार्डचा अर्ज असूनही भेटीचा व्हिसा मिळतो. अधिकारी एवढंच पाहतो की हा माणूस या खेपेला परत येणार आहे का. भावा-बहिणीच्या गटात भारतीयांना पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं, हे त्यालाही ठाऊक असतं.

केळीबाग

बोटांच्या ठशांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्यांचं हमखास अडतं. दहाही बोटांचे ठसे घेतात. केळीची कापणी करणाऱ्याच्या बोटांवर चीक बसून डाग पडलेले असतात, कापूस वेचणाऱ्याच्या टोकांना बोंडाच्या चिरा असतात, आणि साठीच्या पुढे रेषाच झिजतात. मशीनवर ठसा उमटला नाही की पुन्हा पुन्हा घेतात, तरी नाही जमला तर दुसऱ्या दिवशी बोलावू शकतात.

उपाय साधा आहे. तारखेच्या आधी दोन-तीन आठवडे चिकाच्या आणि वेचणीच्या कामापासून हात बाजूला ठेवा. रोज रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, मात्र ठशाच्या दिवशी हात साबणाने धुऊन कोरडे करून जा, तेलकट बोट मशीन घेत नाही. बायकांनी मेंदी लावू नये. बोटाला पट्टी किंवा ताजी जखम असेल तर तारीख बदलण्याचा विचार करा.

मेहरूण

मुलाखतीच्या दिवशी काय न्यायचं आणि भाषेचं काय? आईला इंग्रजी येत नाही, हिंदीही तोडकीमोडकी.

बोरीकाठ

मुंबईला मराठीतून मुलाखत देता येते. फॉर्ममध्ये येणाऱ्या भाषांत मराठी लिहा आणि खिडकीवर सुरुवातीलाच 'मराठी' म्हणा. फक्त आईला एवढं सांगून ठेवा की तिथे प्रमाण मराठीत हळू बोलायचं. घरचं अहिराणी किंवा लेवा बोलीतलं उत्तर दुभाष्याला पटकन कळेलच असं नाही, आणि घाबरलं की माणूस घरच्या बोलीवर जातो.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह, पिशव्या आत नेता येत नाहीत आणि वकिलातीत ठेवायची सोय नाही. सोबतच्या माणसाने ते घेऊन बाहेर थांबावं. कागद पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. आताचा आणि जुने सगळे पासपोर्ट, डीएस-१६० चं पुष्टिपत्र, मुलाखतीच्या वेळेचं पत्र, फोटो. यांच्याशिवाय बाकीचं मागितलं तरच.

बाकीचं म्हणजे सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, पेन्शनचा आदेश. लोक सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, जमिनीचं मूल्यांकन, सीएचं प्रमाणपत्र यावर बराच पैसा घालतात. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाला किमान शिल्लक इतकी हवी असा आकडा कुठेच नाही, आणि बहुतेक वेळा अधिकारी कागद हातातही घेत नाही. मुलाचं निमंत्रणपत्रही सक्तीचं नाही. निर्णय फॉर्मवरून आणि उत्तरांवरून होतो. कुठे जाणार, कुणाकडे, किती दिवस, खर्च कोण करणार, इथे मागे कोण आहे, शेती कोण बघणार. सहा प्रश्नांची खरी, छोटी उत्तरं. 'सून बाळंत होणार आहे म्हणून चाललो' हे खरं असेल तर तेच सांगा, ते लपवण्यासारखं नाही. पण 'बाळ सांभाळायला चाललो' असं बोलण्याच्या ओघात निघालं तर ते काम म्हणून ऐकलं जाऊ शकतं. भेटायला चाललोय, नातवंड बघायला चाललोय, हे खरं कारण आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

गिरणाथडी

गाडीचंही लिहा. नंदुरबार-अमळनेरकडच्यांना खानदेश एक्सप्रेस सोयीची. पण ती रोज नसते, तारीख घेण्याआधी तिचे वार बघा. धुळ्याहून, जळगावहून रात्रीची गाडी पकडून सकाळी थेट मुलाखतीला जाण्याचा बेत करू नका. गाडी दोन तास उशिरा आली तरी तारीख हुकते. आदल्या दिवशी मुक्काम हवाच.

कानबाईचा रोट

आता ग्रीन कार्डच्या कागदांचं सांगा. मुलगी नागरिक झाली आहे, आई-वडिलांसाठी अर्ज करतेय. जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळं आहे.

तापीकाठ

इथे खरं काम आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आई-वडिलांसाठी अर्ज करणारी मुलगी २१ वर्षांच्या पुढची अमेरिकन नागरिक हवी. नुसतं ग्रीन कार्ड असेल तर आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. या गटाला वार्षिक मर्यादा नाही, त्यामुळे भावंडांसारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. आधी तिकडे आय-१३० म्हणजे नात्याचा अर्ज, तो मंजूर झाल्यावर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, मग डीएस-२६० म्हणजे ग्रीन कार्डच्या व्हिसाचा फॉर्म, तिची आर्थिक हमी म्हणजे आय-८६४, आणि शेवटी मुंबईला मुलाखत. फी माणशी ३२५ डॉलर आणि हमीच्या तपासणीचे १२० डॉलर. मुलीचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्य-मर्यादेच्या १२५ टक्के हवं. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो, पण मुलीला आपला फॉर्म द्यावाच लागतो. सेंटरकडून पत्र आल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर फाइल रद्द होऊ शकते. कागद जमायला वेळ लागत असेल तर मध्येमध्ये लॉगिन करून संदेश तरी टाकत राहा.

आता नातं सिद्ध करायचं ते मुलीच्या जन्मदाखल्यावरून, त्यावर आई-वडील दोघांची नावं हवीत. आपल्या ग्रामपंचायतींच्या जुन्या नोंदींत तीन दोष असतात: बाळाच्या नावाची जागा कोरी, आईचं नाव 'मंगलाबाई' आणि पासपोर्टवर 'मंगला', किंवा आईचं माहेरचं नाव. पहिल्या दोषावर निबंधकाकडे, म्हणजे गावात ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, नाव नोंदवायचा अर्ज करायचा. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी मूळ नोंद बदलायच्या मागे लागण्याआधी एक प्रतिज्ञापत्र करून बघा: 'मंगलाबाई अमुक आणि मंगला अमुक ही एकच व्यक्ती', सोबत लग्नाचा दाखला आणि आईचा शाळेचा दाखला. बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागतं.

आई-वडिलांच्या स्वतःच्या जन्मदाखल्याचं कोडं मोठं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद असेलच असं नाही. पण 'नाही' म्हणण्याआधी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते शोधा. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून नक्कल मिळते. त्यात बऱ्याचदा बाळाचं नाव नसतं, नुसतं बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी'. खूप जुनी नोंद मोडीत असते, ती जाणकाराकडून वाचून घ्यावी लागते. तरी तो अस्सल पुरावा आहे.

काहीच सापडलं नाही तर अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या. ग्रामपंचायत नुसतं 'नोंद आढळत नाही' एवढी एक ओळ देते, ती पुरत नाही. त्यावर व्यक्तीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आई-वडिलांची नावं, कोणत्या वर्षांची दप्तरं तपासली, सही करणाऱ्याचं पद, गोल शिक्का आणि जावक क्रमांक हवा. सोबत पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं. आत्या, मामा, मोठा चुलतभाऊ चालतो. त्यांनी आपला जन्म कधीचा, नातं काय आणि हे आपल्याला कसं ठाऊक, हे लिहायला हवं. श्रावणात कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी गावात जमते. नोटरीचं हे काम तेव्हा उरकलं की पुढे एकेकाच्या दारी फिरावं लागत नाही.

जन्मतारखेचं: मास्तरांनी १ जून लावून दिलेली माणसं आपल्याकडे ढीगभर आहेत. पासपोर्टवर, दाखल्यावर, पेन्शनवर सगळीकडे १ जूनच असेल तर तीच धरा. पण नमुना १४ मध्ये वेगळी तारीख निघाली तर ती दडवू नका आणि घाबरूही नका. दोन्ही कागद आणि खुलाशाचं प्रतिज्ञापत्र जोडा.

शहादेकर

यात एक भर. काही जण अनुपलब्धता प्रमाणपत्राऐवजी आता नव्याने उशिराची जन्मनोंद करून घेतात. १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या दुरुस्तीप्रमाणे वर्षापेक्षा जुन्या जन्माच्या नोंदीला जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. महाराष्ट्रात २०२५ पासून यावर तपासणी फार कडक झाली आहे. आणि ७० वर्षांच्या माणसाचा काल काढलेला दाखला वकिलातीत फार वजनाचा ठरत नाही, सोबत जुने पुरावे मागतातच. मग तेच जुने पुरावे सरळ दिलेले बरे.

मेहरूण

लग्नाचा दाखला नसेल तर? १९७८ चं लग्न आहे.

बोरीकाठ

आता नोंदवता येतं. १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत नमुना ड मध्ये ज्ञापन, तीन साक्षीदार, पत्रिका असली तर पत्रिका, लग्नातला फोटो. लग्न लावणारे भटजी हयात नसतील तर तसं प्रतिज्ञापत्र. मिळतो तो नमुना इ मधला दाखला. त्यावर लग्नाची तारीख जुनीच आणि नोंदणीची तारीख आजची, दोन्ही नीट आहेत का ते तिथेच वाचून घ्या. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे हवं, हे क्लार्कला अर्जासोबत लेखी द्या.

भुसावळ जंक्शन

पोलिस दाखला आणि वैद्यकीय तपासणी राहिली.

पोलिस दाखला म्हणजे पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, फी ५०० रुपये. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही अर्ज घेतात, त्यासाठी नाशिक-मुंबई गाठायची गरज नाही. सोळा वर्षांपुढच्या प्रत्येकाला लागतो. आखातात किंवा दुसऱ्या देशात बारा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांना तिथलाही पोलिस दाखला लागतो, आणि तो मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. तो आधी सुरू करा.

वैद्यकीय तपासणी वकिलातीच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या टीबीचा डाग दिसला तर थुंकीचा कल्चर रिपोर्ट मागतात, त्याला सुमारे आठ आठवडे लागतात. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेलाय त्यांनी उपचाराचे जुने कागद, जुने एक्स-रे सोबत न्यावेत आणि तपासणी मुलाखतीच्या अगदी तोंडावर ठेवू नये. लसीकरणाच्या नोंदी, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी तीही.

केळीबाग

पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीला सरकारची परवानगी लागते असा, शिक्का आहे, आई दहावी नाही. अडेल का?

भुसावळ जंक्शन

नाही. ती अट ठराविक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे. अमेरिका त्यात नाही आणि भेट म्हणजे नोकरी नाही.

गिरणाथडी

मुलगा जर्मनीत आहे. तिकडचंही असंच असतं का?

शहादेकर

बरंच वेगळं. शेंगेनमध्ये, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसात, मुलाखतीपेक्षा कागद बघतात. प्रौढाला फी ९० युरो, ३० हजार युरोचा प्रवास विमा सक्तीचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. तिथे मात्र बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि सातबाऱ्याचं भाषांतर कामाचं असतं. त्यावर वेगळा धागा काढा, इथे दोन्ही मिसळले की वाचणाऱ्याची गल्लत होईल.

कानबाईचा रोट

बठ्ठं ध्यानमा उनं, दादा. शेवटचं एक. नाकारलं तर?

तापीकाठ

हातात जी चिठ्ठी देतात तिच्यावरचं कलम वाचा. २१४(ब) असेल तर परत येण्याची खात्री पटली नाही असा अर्थ. त्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, नव्या फीने, नव्या डीएस-१६० ने. पण परिस्थितीत काही बदललं नसेल किंवा आधीच्या फॉर्ममध्ये राहून गेलेलं काही मांडायचं नसेल, तर लगोलग पुन्हा जाऊन उपयोग नाही. त्या फॉर्ममध्ये आधीचा नकार लिहावा लागतो, तोही लपवू नका.

२२१(ग) असेल तर तो अजून नकार पक्का नाही. एखादा कागद हवा आहे किंवा तपासणी चालू आहे. चिठ्ठीवर लिहिलेला कागदच द्या, वर्षाच्या आत. त्यासोबत न मागितलेल्या कागदांचा गठ्ठा पाठवू नका.

आणि व्हिसा मिळालाच तर पासपोर्ट हातात आल्याबरोबर त्यावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक तपासा. छपाईची चूक असेल तर तेव्हाच कळवायची. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी तिथे राहण्याची मुदत विमानतळावर ठरते, साधारण सहा महिने. उतरल्यावर दोन दिवसांत आय-९४ च्या, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीच्या, साइटवर तारीख बघून मुलाने ती लिहून ठेवावी. मुक्काम वाढवायचा असेल तर आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज त्या तारखेच्या आत गेला पाहिजे. परतीचं तिकीट काढताना तीच तारीख धरायची, व्हिसावरची नाही.